मध्यरात्रीचे ध्वनिक्षेपण : जमैकाची नभोवाणी आणि रेगे व डब संगीत

जमैकाच्या आधुनिक लोकसंगीताच्या इतिहासात नभोवाणीला कोणते स्थान द्यावयाचे, याविषयी दोन समजुती प्रचलित आहेत. नभोवाणीमुळे रेगे घरोघर पोचले व तेथून जगभर गेले, ही एक. नभोवाणी उच्चवर्णीय व सुखवस्तू लोकांच्या हाती असल्यामुळे तिने या संगीताची सतत गळचेपी केली आणि रेगे वाढले ते नभोवाणीला डावलून, ही दुसरी. दोन्ही समजुतींत तथ्यांश आहे; परंतु दोन्ही समजुती नभोवाणी म्हणजे एक एकजिनसी संस्था असे गृहीत धरतात व तेथेच फसतात. नभोवाणी केंद्रात व्यवस्थापक असतो, निवेदक असतो, जाहिरातदाराचा प्रतिनिधी असतो, आणि यंत्रांजवळ बसणारा तंत्रज्ञही असतो. या चौघांचे हितसंबंध एक नसतात. जमैकाच्या संगीताचा इतिहास यांपैकी चौथ्या माणसाच्या बाजूने पाहिला तर अनेक सुट्या घटनांची संगती लागते.

जमैकातील नभोवाणीचा प्रारंभच मुळी एका हौशी तंत्रज्ञाच्या सामग्रीतून झाला. दुसरे महायुद्ध सुरू होताच जॉन ग्रिनन या हौशी बिनतारी संदेशकाने आपली यंत्रसामग्री वसाहत सरकारच्या स्वाधीन केली व तिच्या साहाय्याने नोव्हेंबर १९३९ मध्ये झेड. क्यू. आय. हे केंद्र सुरू झाले. युद्धविषयक वार्ता व सरकारी सूचना देणे हा त्याचा मुख्य हेतू होता. युद्धानंतर ध्वनिक्षेपणाचा परवाना ब्रिटिश रिडिफ्यूजन कंपनीच्या शाखेस मिळाला आणि जुलै १९५० पासून ‘रेडिओ जमैका’ हे व्यापारी केंद्र कार्यरत झाले. तारेने जोडलेली ध्वनिपेटी भाड्याने घरात बसवून घेण्याची सोयही या कंपनीने किंग्स्टन शहरात केली होती. पुढे नॉर्मन मॅन्ली यांच्या शासनाने बी. बी. सी.च्या धर्तीवर सार्वजनिक संस्था स्थापन केली. ‘जमैका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन’ अथवा जे. बी. सी. या नावाने तिचे ध्वनिक्षेपण १९५९ मध्ये सुरू झाले. स्वातंत्र्य ६ ऑगस्ट १९६२ रोजी मिळाले. म्हणजे स्वतंत्र जमैकाला वारशाने दोन केंद्रे मिळाली : एक व्यापारी, दुसरे शासकीय. दोहोंवरील इंग्रजीचे उच्चारण मात्र एकच, लंडनचे होते.

हा उच्चारणाचा प्रश्न दुय्यम नव्हे. जमैकातील बहुसंख्य लोकांची बोली इंग्रजी शब्दसंपत्तीवर व आफ्रिकी भाषांच्या वळणावर घडलेली स्वतंत्र बोली आहे. शाळेत व कचेरीत ती अशुद्ध इंग्रजी म्हणून हिणवली जात असे. लुईझ बेनेट या कवयित्रीने ही बोली आपल्या पद्यांतून १९४० च्या दशकापासून प्रतिष्ठित केली, आणि १९६५ ते १९८२ या काळात त्यांची बोलीतील स्वगते जमैकाच्या नभोवाणीवर अत्यंत लोकप्रिय झाली. तथापि विनोदासाठी बोली चालते आणि बातमीसाठी चालत नाही, ही वाटणी कायम राहिली. ज्या संगीताचे शब्द याच बोलीतील आणि ज्याचा आशय विनोदी नव्हे, त्याची अडचण येथेच सुरू होते.

नभोवाणीचा पर्याय रस्त्यावर उभा होता. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतून १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘साउंड सिस्टिम’ नावाची एक संस्था रूढ झाली. कपाटाएवढ्या आकाराचे ध्वनिवर्धक, घरगुती पद्धतीने बांधलेले शक्तिशाली ॲम्प्लिफायर, ध्वनिमुद्रिकांच्या पेट्या, आणि या सर्वांचा मालक एवढी तिची सामग्री. मोकळ्या अंगणात प्रवेशमूल्य घेऊन नृत्याचा कार्यक्रम होई व उत्पन्नाचा मोठा भाग पेयांच्या विक्रीतून निघे. ‘टॉम द ग्रेट सेबॅस्टियन’ हा या व्यवसायातील पहिला मोठा लौकिक. त्याचे ॲम्प्लिफायर बांधणारे हेडली जोन्स हे महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात काम करून आलेले तंत्रज्ञ होते. पुढे ड्यूक रीड व क्लेमेंट डॉड ऊर्फ कॉक्सोन यांच्या व्यवस्थांत तीव्र चुरस सुरू झाली. अमेरिकेतून आणलेल्या दुर्मिळ ध्वनिमुद्रिकांवरील नावाची चिठ्ठी खरवडून काढावयाची, म्हणजे प्रतिस्पर्ध्यास गीताचे नाव कळू नये, हा त्या काळचा सर्वमान्य डावपेच होता. संशोधकाला मात्र या डावपेचाने आजही घाम फोडला आहे.

या अंगणातील श्रोत्यांची रुची प्रथम नभोवाणीनेच घडविली होती, परंतु ती नभोवाणी जमैकाची नव्हती. रात्रीच्या वेळी मायामी व न्यू ऑर्लिअन्स येथील केंद्रांचे ध्वनिक्षेपण समुद्रापलीकडून किंग्स्टनमध्ये ऐकू येई व त्यांवरील अमेरिकी निग्रो लोकांचे नृत्यसंगीत तेथील तरुणांनी आपलेसे केले. अमेरिकेतील रुची १९५० च्या दशकाच्या अखेरीस बदलू लागली व तशा चालीच्या नव्या ध्वनिमुद्रिका मिळेनाशा झाल्या, तेव्हा साउंड सिस्टिमच्या मालकांनी स्थानिक वादकांकडून ध्वनिमुद्रण करून घेण्यास प्रारंभ केला. यातून प्रथम स्का, १९६६ च्या सुमारास संथ लयीचे रॉकस्टेडी, आणि १९६८ मध्ये रेगे ही नावे पुढे आली. ‘रेगे’ हा शब्द गीताच्या शीर्षकात त्याच वर्षी टूट्स अँड द मेटल्स या गायकवृंदाने रूढ केला.

नभोवाणीने या संगीताकडे पूर्ण पाठ फिरविली, हे म्हणणे मात्र टिकत नाही. ड्यूक रीडने १९५० च्या दशकातच रेडिओ जमैकावर आपल्या व्यवसायाच्या जाहिरातीसाठी वेळ विकत घेऊन संगीताचा कार्यक्रम चालविला होता. जे. बी. सी.वर वादक सनी ब्रॅडशॉ यांचा तरुणांसाठी नृत्यसंगीताचा कार्यक्रम होता व त्यात स्थानिक कलावंतांना वाव मिळे. लोकप्रिय गीतांच्या क्रमवाऱ्याही दोन्ही केंद्रे देत असत. खरा प्रश्न कोणते स्थानिक गीत, कोणत्या वेळी व कोणाच्या सांगण्यावरून वाजावयाचे हा होता. निर्माते निवेदकांना पैसे देऊन आपली गीते वाजवून घेतात, अशी तक्रार सार्वत्रिक होती. पेरी हेन्झेल यांनी १९७२ मध्ये दिग्दर्शित केलेल्या ‘द हार्डर दे कम’ या चित्रपटात खेड्यातून आलेल्या गायकाचे गीत निर्मात्याच्या इच्छेवाचून नभोवाणीवर वाजत नाही, आणि तेथूनच त्याच्या नाशाची कथा सुरू होते. चित्रपट हा पुरावा नव्हे. पण किंग्स्टनच्या प्रेक्षकाला या प्रसंगाचे स्पष्टीकरण द्यावे लागले नाही, ही गोष्ट पुराव्याच्या जवळची आहे.

दुसरी अडचण धर्ममताची होती. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांचा राज्याभिषेक २ नोव्हेंबर १९३० रोजी झाला. जमैकातील दरिद्री कृष्णवर्णीयांपैकी काहींनी त्यांना ईश्वरी अवतार मानून जो पंथ स्थापिला तो रास्ताफारी होय. पोलिसांचा छळ व समाजाची अवहेलना या पंथीयांच्या वाट्यास आली. वेस्ट इंडीजच्या विद्यापीठ महाविद्यालयातील एम. जी. स्मिथ, रॉय ऑजिअर व रेक्स नेटलफर्ड या तिघा विद्वानांनी १९६० मध्ये या चळवळीचा अहवाल प्रसिद्ध केला. पंथीयांकडे गुन्हेगार म्हणून न पाहता समाजाचा घटक म्हणून पाहणारे ते पहिले महत्त्वाचे लेखन म्हणावयास हरकत नाही. सम्राटांनी २१ एप्रिल १९६६ रोजी किंग्स्टनला भेट दिली तेव्हा विमानतळावर लोटलेला समुदाय पाहून शासनही चकित झाले. रास्ताफारी पंथात पवित्र मानल्या गेलेल्या वनस्पतीचे जमैकातील नाव ‘गांजा’ हेच आहे, ही गोष्ट मराठी वाचकाच्या सहज ध्यानात येईल. १८४५ पासून ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांबरोबर हा शब्द व ही वस्तू तेथे गेली. ते मजूर बहुसंख्येने उत्तर भारतातील होते, महाराष्ट्रातील नव्हत. शब्द मात्र सर्वांचा.

या पंथाच्या आशयाने भारलेले, संथ, ठळक मंद्र स्वरांचे व स्तोत्रांशी नाते सांगणारे जे रेगे १९७० च्या दशकात पुढे आले त्यास ‘रूट्स’ म्हणजे मुळांचे रेगे असे म्हणतात. ‘बॅबिलोन’ हा त्यातील शासन व पोलीस यांचा पर्याय. शासकीय संस्थेच्या नभोवाणीवर शासनालाच बॅबिलोन म्हणणारे गीत वाजविण्यात व्यवस्थापकास संकोच वाटणे अस्वाभाविक नव्हते. राजकारण मात्र व्यवस्थापकांच्या पुढे धावले. मायकेल मॅन्ली यांनी १९७२ च्या निवडणुकीत रेगेचा व रास्ताफारी प्रतीकांचा मुक्त उपयोग केला आणि ती निवडणूक जिंकली. ज्या संगीतावर पंतप्रधान निवडून आले ते शासनाच्या नभोवाणीवर दिवसाउजेडी मोकळेपणाने वाजू नये, ही विसंगती त्यानंतरही काही वर्षे तशीच राहिली.

येथे डब या प्रकाराकडे वळावयास हवे, कारण त्याचा उगम गायकाच्या कंठातून झालेला नाही. स्पॅनिश टाऊन येथील साउंड सिस्टिमचे मालक रडी रेडवूड यांच्यासाठी १९६८ च्या सुमारास ड्यूक रीडच्या स्टुडिओत एक नमुना तबकडी कापली जात असता तंत्रज्ञाकडून गायनाचा भाग अनवधानाने वगळला गेला. रेडवूड यांनी ती तशीच नृत्याच्या कार्यक्रमात वाजविली आणि श्रोत्यांनीच ते गीत गाऊन पूर्ण केले, अशी हकीकत सांगितली जाते. या हकीकतीला दंतकथेचा रंग चढला असला तरी तिच्यातील मर्म खरे आहे. गायनविरहित ‘व्हर्शन’ तबकडीच्या दुसऱ्या बाजूस देण्याची प्रथा त्यानंतर झपाट्याने रूढ झाली. ती निर्मात्यास परवडणारीही होती, कारण दुसऱ्या गीताचा खर्च वाचे. या मोकळ्या जागेत निवेदकाने तालावर बोलावयाचे, यातून यू-रॉय याची कीर्ती झाली. १९७० मध्ये त्याच्या तीन ध्वनिमुद्रिकांनी जमैकाच्या क्रमवारीतील पहिली तिन्ही स्थाने एकाच वेळी व्यापली. म्हणजे अंगणातील बोली नभोवाणीच्या क्रमवारीत शिरली ती विनोदाच्या वाटेने नव्हे, तालाच्या वाटेने.

यू-रॉय ज्या साउंड सिस्टिमवर बोलत असे तिचा मालक ऑस्बोर्न रडॉक ऊर्फ किंग टबी. हा व्यवसायाने विद्युत उपकरणे दुरुस्त करणारा. वॉटरहाउस वस्तीतील ड्रॉमिली ॲव्हेन्यूवरील आपल्या लहानशा घरात त्याने मिश्रणाची खोली थाटली. बायरन ली यांच्या डायनॅमिक साउंड्स या मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेले चार पट्ट्यांचे मिश्रणयंत्र त्याने विकत घेतले होते. वादकवृंद मावेल एवढी जागाच तेथे नव्हती. इतरत्र मुद्रित झालेल्या फिती तो आणी, आणि गीताचे पुन्हा मिश्रण करी. ड्रम व बेस गिटार तेवढे ठेवावयाचे, गिटार वा ऑर्गन क्षणभर येऊ द्यावयाचे व लगेच बंद करावयाचे, गायकाचा एखादा शब्द प्रतिध्वनीच्या आवर्तात सोडून द्यावयाचा, गाळणीच्या खटक्याने मंद्र स्वर हळूहळू पुसून टाकून पुन्हा एकदम मुक्त करावयाचे, अशी ही क्रिया. हे सर्व फीत चालू असतानाच, हाताने, एका दमात करावे लागे. त्यामुळे प्रत्येक मिश्रण हा एक स्वतंत्र प्रयोग ठरे. मिश्रणयंत्र हे वाद्य आहे आणि त्याचा वादक तंत्रज्ञ आहे, हा विचार येथे प्रथम पूर्णत्वाने सिद्ध झाला. ली पेरी यांचा ‘ब्लॅकबोर्ड जंगल डब’ १९७३ मधील, आणि ऑगस्टस पाब्लो यांच्या वादनावर टबीने केलेले मिश्रण ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ या नावाने १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले.

अशा परिस्थितीत मायकेल कॅम्बेल हा तरुण १९७६ मध्ये जे. बी. सी.त तंत्रज्ञ म्हणून रुजू झाला. त्याचा जन्म १९५४ मध्ये पोर्ट अँटोनियो येथे झाला होता व किंग्स्टनच्या तंत्रशिक्षण महाविद्यालयात त्याने विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यास केला होता. जे. बी. सी.वर परदेशी गुळगुळीत गीतांचा भरणा आहे व देशातील ध्वनिमुद्रिका कपाटात पडून आहेत, हे त्याच्या नजरेस आले. त्याने वरिष्ठांचे मन वळविले व रात्री उशिराची वेळ मिळविली. त्या वेळेस मागणी नव्हती, जाहिरातदार नव्हते. व्यवस्थापनाने ती देऊन काही गमावले नाही. कॅम्बेलने ‘मायकी ड्रेड’ हे नाव घेतले आणि कार्यक्रमास ‘ड्रेड ॲट द कंट्रोल्स’ असे नाव दिले. ‘ड्रेड’ म्हणजे जटाधारी रास्ताफारी. तो आता यंत्राच्या खटक्यांजवळ बसला आहे, असा त्या नावाचा अर्थ होतो. यंत्राजवळ तो आधीही बसत होता, परंतु तेव्हा त्याला नाव नव्हते.

कार्यक्रमात जवळजवळ केवळ जमैकाचे रेगे वाजे. रूट्स गीत, त्यामागून त्याच गीताचे डब, त्यावर निवेदकाचे तालबद्ध बोल, असा साउंड सिस्टिमचा क्रम त्याने नभोवाणीवर आणला. किंग टबीशी त्याची मैत्री होती, व बाजारात न आलेली मिश्रणे त्यास तेथून मिळत. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कार्यक्रमाची ओळख करून देणाऱ्या छोट्या ध्वनिखंडांची योजना. प्रतिध्वनी, चमत्कारिक आवाज व बोलीतील घोषणा यांचे हे तुकडे त्याने डबच्या पद्धतीनेच बनविले होते. नभोवाणीचे निवेदन आणि संगीत यांच्यामधील सीमारेषा त्यामुळे पुसली गेली. कार्यक्रमाच्या यशाची मीमांसा करताना ही बाब सामान्यतः उपेक्षिली जाते. डबचे वैभव मंद्र स्वरांत, व मंद्र स्वरांना कपाटाएवढा ध्वनिवर्धक हवा. घरातील लहान ट्रान्झिस्टरमधून ते स्वर निम्मे नाहीसे होतात. अंगणातील डब तसेच्या तसे नभोवाणीवर लावले असते तर श्रोत्याला सांगाडा तेवढा ऐकू आला असता. कॅम्बेलने मध्यसप्तकातील आवाज, शब्द व प्रतिध्वनी यांनी ती उणीव भरून काढली. हे काम कोणत्या यंत्रातून काय ऐकू येते हे जाणणाराच करू शकतो.

काळही त्यास अनुकूल होता, जरी तो काळ देशास अनुकूल नव्हता. दोन राजकीय पक्षांच्या पाठिराख्या टोळ्यांनी किंग्स्टनची विभागणी केली होती. जून १९७६ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. ३ डिसेंबर १९७६ रोजी बॉब मार्ली यांच्या घरात शिरून त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. रात्री नृत्याला बाहेर पडणे अनेक वस्त्यांत जिवावरचे झाले होते. अशा रात्री घरात बसलेल्या माणसाच्या उशाशी साउंड सिस्टिम आणून ठेवणारा कार्यक्रम जे. बी. सी.वरील सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम ठरला, यात आश्चर्य नाही. आश्चर्य असलेच तर ते त्याच्या शेवटाविषयी वाटावे. एवढ्या लोकप्रियतेनंतर त्यास दिवसाची वेळ मिळावयास हवी होती. प्रत्यक्षात पुराणमतवादी व्यवस्थापनाशी खटके वाढत गेले आणि कॅम्बेलने निषेध म्हणून राजीनामा दिला. पंतप्रधान रेगेच्या बाजूचे होते, श्रोते बाजूचे होते, संस्था सार्वजनिक होती. तरीही केंद्रातील अभिरुचीची उतरंड हलली नाही. सत्तेचे शिखर बदलल्याने संस्थेचा मधला मजला बदलत नाही, याचे याहून लहान व याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

कॅम्बेल त्यानंतर ट्रेझर आइल स्टुडिओत ध्वनिमुद्रक म्हणून काम करू लागला व त्याच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिकाही निघू लागल्या. १९८० मध्ये तो ‘द क्लॅश’ या इंग्रज वाद्यवृंदाबरोबर दौऱ्यावर गेला व त्यांच्या ‘बँकरॉबर’ या गीताची निर्मिती त्याने केली. २००८ मध्ये त्याचे अमेरिकेत निधन झाले.

ब्रिटनमध्ये हीच कथा निराळ्या कायद्याखाली घडली. युद्धोत्तर स्थलांतराने लंडन, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल येथे कॅरिबियन वस्त्या झाल्या. साउंड सिस्टिम त्यांच्याबरोबर गेली. नभोवाणीवर मात्र आठवड्यातून तास-दोन तास, तेही स्थानिक केंद्रांवर, एवढाच वाटा रेगेला मिळे. डेव्हिड रॉडिगन या अभिनेत्याने १९७८ मध्ये बी. बी. सी.च्या लंडन केंद्रावर व १९७९ पासून कॅपिटल रेडिओवर रेगेचा कार्यक्रम चालविला, तो गाजला. रॉडिगन स्वतः गौरवर्णीय होता व जमैकातील श्रोत्यांनीही त्यास मानले. तरी एका निवेदकाच्या कौशल्यावर संपूर्ण समाजाची भूक भागेना. १९८० च्या दशकाच्या आरंभी लेप्के या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणाने लंडनमध्ये विनापरवाना केंद्र सुरू केले. त्याचे नाव ‘ड्रेड ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन’, म्हणजे डी. बी. सी. अक्षरांतील चिमटा कोणास हे सांगणे नलगे. ब्रिटनमधील कृष्णवर्णीयांचे संगीत देणारे कृष्णवर्णीयांच्या मालकीचे ते पहिले केंद्र मानले जाते. प्रक्षेपक जप्त व्हावा, दुसरा बांधावा, हा क्रम चालू राहिला. येथेही केंद्राचे आयुष्य तंत्रज्ञाच्या हातावर अवलंबून होते. १९८४ च्या दूरसंचार कायद्याने जप्तीचे अधिकार कडक केले व त्याच वर्षी डी. बी. सी. बंद पडली. पुढच्याच वर्षी तिच्यावरील निवेदिका ‘मिस पी’ हिला बी. बी. सी.ने आपल्या राष्ट्रीय केंद्रावर रेगेचा कार्यक्रम दिला.

जमैकात संपूर्ण रेगेला वाहिलेले ‘आयरी एफ. एम.’ हे केंद्र १९९० मध्ये ओचो रिओस येथे निघाले. त्याचे यश पाहून इतर केंद्रांना आपली कार्यक्रमपत्रिका बदलावी लागली. जे. बी. सी. १९९७ मध्ये बंद करण्यात आली. युनेस्कोने नोव्हेंबर २०१८ मध्ये जमैकाच्या रेगेचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या सूचीत समावेश केला.

अभ्यासकासमोर उरतो तो साधनांचा प्रश्न. ध्वनिक्षेपण हे स्वभावतःच क्षणजीवी. मध्यरात्रीचे ध्वनिक्षेपण तर ज्या वेळी कचेरीत नोंद ठेवणाराही नसतो अशा वेळचे. कॅम्बेलच्या कार्यक्रमाविषयी जे कळते त्याचा बराच भाग श्रोत्यांनी घरी कॅसेटवर उतरवून घेतलेल्या, हातोहात लंडन व न्यू यॉर्कला गेलेल्या फितींतून कळतो. त्या फिती तुटक आहेत, त्यांत खरखर आहे, कोठे कोंबडा आरवतो, कोठे मध्येच फीत संपते. १९७९ मधील ‘आफ्रिकन अँथेम’ या तबकडीवर त्याने आपले नभोवाणीवरील ध्वनिखंड जतन करून ठेवले आहेत, व ते स्वच्छ ऐकू येतात. परंतु तबकडीवर त्यांचा क्रम तबकडीसाठी लावलेला आहे. कोणत्या गीतानंतर कोणते डब, मध्ये किती वेळ नुसता ताल, आणि त्या तालावर तो काय बोलला, हे पाहावयाचे तर खरखरीच्या फितींकडेच जावे लागते.